सुगंधाबाई विचारून यायच्या

आमच्या गल्लीत एक अनोळखी बाई येऊन माझी विचारपूस करून राहिल्यात, ही बातमी आईला लागली तेव्हा ती इतकी हरखली की तिनं लगेच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. जालन्यात तेव्हा मुलीची अशी विचारपूस एकाच कारणासाठी व्हायची. मी बी. ए. होऊन दोन वर्षं घरी बसले होते आणि आईच्या जिवाला त्याचा घोर लागलेला होता. बाईंनी आधी समोरच्या शिंप्याला विचारलं, मग नळावर बायकांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि शेवटी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या पारूला गाठलं. राग आला की काय करती? लहान पोरं तिच्याजवळ जातात का? पारूनं हात राखून काही सांगितलं नाही. मी धाकट्या भावाला एकदा लाटणं फेकून मारलं होतं, तेसुद्धा सांगितलं.

"मुलाकडची माणसं फारच खोलात शिरतात," आई म्हणाली, पण रवा हलवत राहिली.

मग बाई दारात आल्या. बुटक्या, सावळ्या, जाड काचांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी आणि काखेत काळी छत्री. बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "मी परतूरच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक. तुमच्या मुलीचा सहायक म्हणून अर्ज आलाय." आईचा चेहरा उतरला; तो अर्ज मी घरात न सांगता केला होता. तिनं नाव विचारलं. "सुगंधा खरात." आईच्या हातातली कपबशी होती तिथंच थांबली, आणि ती दुसरा कप शोधायला आत वळली. बाईंनी ते पाहिलं. "राहू द्या, मी च्या घेत न्हाई," म्हणाल्या. नंतर मी त्यांना दिवसाला सहा कप चहा पिताना पाहिलं आहे, आणि दर वेळी मला आमच्या घरची ती दुपार आठवून मान खाली घालावीशी वाटली आहे.

जाताना मला विचारलं, "लाटणं किती जोरात मारलं होतं?"

"खूप जोरात," मी म्हणाले. "नंतर मीच रडत बसले."

"सोमवारी ये."

ते बहात्तर साल, दुष्काळाचं. आईबाप खडी फोडायला जायचे आणि मुली आमच्याकडे सोपवायचे. तीस मुलींच्या जागेत पन्नासच्या वर मुली झोपत होत्या. वसतिगृह म्हणजे रेल्वे स्टेशनच्या मागं, जिनिंगच्या जुन्या गोदामात पार्टिशनं टाकून केलेल्या चार खोल्या. चालवणारी एक समिती होती. तिचे अध्यक्ष कापसाचे आडते. ते महिन्यातून एकदा येऊन मुलींना रांगेत उभं करून नमस्कार घ्यायचे. बाकी सगळं सुगंधाबाई.

बाईंचा एक नियम होता. मुलींच्या उंबऱ्याच्या आत जो कोणी येणार, मग तो पगारी असो की फुकट सेवा करणारा, स्वयंपाकीण असो की पेटी वाजवायला शिकवणारा, त्याची चौकशी त्या स्वतः जाऊन करायच्या. शिफारसपत्रं त्या वाचत, पण वाचून झाल्यावर बाजूला ठेवत. "हेडमास्तराला इचारून काय उपेग? त्याला तो माणूस घालवायचाच असतो," असं म्हणायच्या. एसटीनं त्या गावी जायच्या. तिथं शाळेत झाडू मारणारी, पाणी भरणारी, बोर्डिंगात भाकऱ्या थापणारी बाई शोधायच्या. तिच्याजवळ बसून तिच्या भाकऱ्या थापू लागायच्या. मग मधेच विचारायच्या, "तुमची पोरगी धाडाल का त्याच्या हाताखाली?"

एवढाच प्रश्न. कुणी म्हणायचं, धाडीन की. कुणी म्हणायचं, माणूस चांगला हाय. बाई परत येऊन मला सांगायच्या, "चांगला हाय म्हणाली, पण धाडीन म्हणाली न्हाई." तो अर्ज तिथंच संपायचा.

मला हे अती वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "एक पोरगी द्यायची तर लोक दहा गावं हिंडतात. मुलाला दारू हाय का, सासू कशी, चुलत्याला काय रोग हाय, समदं काढतात. आन इथं पन्नास पोरी एका माणसाच्या हाती द्यायच्या, तर एका चिठ्ठीवर?"

एकदा अध्यक्षांच्या पुतण्याच्या मनात आलं की सव्वीस जानेवारीला आमच्या मुलींचं लेझीम बसवावं. पुतण्या जालन्यात एका तालमीत शिकवायचा. बाई जालन्याला जाऊन आल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, त्यांना नका धाडू."

"कारण?"

"तालमीतल्या झाडूवालीला मी इचारलं. तिनं झाडू खाली ठेवला न्हाई आन माझ्याकडं बघितलंबी न्हाई."

"एवढ्यावरून?"

"तुम्ही थोरल्या ताईसाहेबांचं स्थळ कशावरून मोडलं होतं?" बाईंनी विचारलं. अध्यक्षांनी थोरल्या मुलीचं ते स्थळ मुलाच्या गावातल्या न्हाव्यानं नुसता सुस्कारा सोडला म्हणून मोडलं होतं, हे सगळ्या परतूरला माहीत होतं. लेझीम त्या वर्षी झालं नाही. मुली हिरमुसल्या, आणि मी बाईंवर दोन दिवस रुसले.

दुष्काळात शहरातून मदतीला गाड्या यायच्या. दुधाच्या भुकटीचे डबे, जुने कपडे, आणि त्यांच्याबरोबर आठ-पंधरा दिवस राहून सेवा करू इच्छिणारी माणसं. बाई दारात उभ्या राहून हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "दूध ठेवा, माणसं परत न्या." मी लाजेनं अर्धी व्हायचे. त्यातले कित्येक खरोखर चांगले असतील. पण त्यांची चौकशी करायला पुण्या-मुंबईपर्यंत जाणं बाईंना परवडणारं नव्हतं, आणि चौकशीवाचून त्या कुणाला आत घेत नसत.

उलट आमची स्वयंपाकीण जनाबाई. तोंडानं इतकी फाटकी की समितीच्या सभेत तिच्या शिव्या ऐकू गेल्या, आणि तिला काढा असा ठराव होता होता राहिला. बाई तिच्यासाठी भांडल्या. जनाबाईच्या गावात त्यांनी विचारलं होतं. सवतीची दोन पोरं तिनं स्वतःच्या पोरांआधी जेवू घातली होती, हे तिच्या सवतीनंच त्यांना सांगितलं होतं.

रविवारी सकाळी बाई पायरीवर बसून एकेका मुलीच्या डोक्यातल्या उवा काढत. ते काम मला करू देत नसत. "केसात हात गेला की पोरगी बोलती," म्हणायच्या. कोण रात्री रडते, कुणाच्या घरी बापानं दुसरी आणली, कुणाची पाळी चुकली, सगळं त्या पायरीवर कळायचं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. नवरा होता की नव्हता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि विचारायची छातीही झाली नाही.

स्वतःबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. त्यांचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजूचं. निजामाच्या राजवटीतली शाळा. वस्तीतली पोरं ओसरीच्या खाली, उन्हात बसायची. मुलगी तर त्यांच्यात एकच. पाटी तपासायची तर मास्तर लांबून बघायचे. मग तिथं नवे गुरुजी बदलून आले. पहिल्याच दिवशी ते खाली उतरले, सुगंधेचा हात धरला आणि तिला आत नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. गावानं गुरुजींचं दूध बंद केलं, धोब्यानं कपडे बंद केले. गुरुजी स्वतः धुणं धुवायचे, पण सुगंधा आतच बसली. "त्या मान्सानं माझा हात धरला नसता तर आज मी कुनाच्या तरी शेतात निंदत असते," असं सांगताना बाई चष्मा काढून पुसायच्या.

त्या गुरुजींचा मुलगा वसंतराव एका दुपारी आमच्याकडे आला.

चाळिशीचा, शांत, खादीचा सदरा. भोकरदनकडच्या एका गावात शाळेत गणित शिकवत होता, राजीनामा देऊन आला होता. म्हणाला, मन रमत नव्हतं, आता काही दिवस समाजाचं काम करायचं आहे. गुरुजींचं पत्र आणलं होतं. कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चि. सुगंधा, वसंताला तुझ्या कामात घे. त्याच्या हातून काही चांगलं घडू दे.' बाईंनी पत्र डोळ्यांना लावलं. मॅट्रिकला बसणाऱ्या आमच्या आठ मुली गणितात कच्च्या होत्या. वसंतराव रोज संध्याकाळी एक तास शिकवणार, बिनपगारी.

"भोकरदनकडं कधी जायचं?" मी सवयीनं विचारलं.

बाई माझ्यावर उखडल्याच. "कुनाच्या घराची चौकशी करायला सांगतीस? ज्या घरानं मला आत घेतलं त्या घराची? गुरुजींच्या कानावर गेलं तर काय तोंड दाखवू?"

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. बाईसुद्धा माणसासारखं वागू शकतात, असं मनात आलं. नात्यातली सोयरीक असली की लोक चौकशी करत नाहीत, विचारलं तर अपमान होतो. बाई त्याच रीतीनं गेल्या आणि मीही त्यांच्यामागून गेले.

वसंतराव शिकवायचा उत्तम. आवाज चढवायचा नाही. मुलींची गणितं सुटू लागली. पाच महिने गेले.

जनाबाईच्या लक्षात आधी आलं. आठांपैकी मंदा म्हणून एक मुलगी होती, चौदा वर्षांची, हुशार, एक वर्ग ओलांडून वर आलेली. ती गणिताच्या तासाच्या सुमारास रोज चुलीपाशी येऊन बसायची. पोट दुखतं म्हणायची. तास संपल्यावर वसंतराव तिला राहिलेलं समजावून द्यायला थांबवून घेतो, हेही जनाबाईनं पाहिलं. ती बाईंकडे आली. माझ्यासमोरच म्हणाली, "बाई, त्या मास्तराला घालवा. माजं मन सांगून राह्यलं."

"जनाबाई, कुनाबद्दल बोलतीस कळतं का तुला? तो गुरुजींचा मुलगा हाय."

"आसंल. पन पोरगी त्येच्या तासाला चुलीत शिरून बसती."

"पुन्हा हे माझ्यासमोर बोलू नको."

आयुष्यभर भाकरी थापणाऱ्या बायांचं ऐकत आलेल्या बाईनं त्या दिवशी स्वतःच्या घरच्या भाकरी थापणारीचं ऐकलं नाही. मीही गप्प राहिले. त्यात आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांचा हिशेब मी स्वतःला अजून देऊ शकलेले नाही.

रविवारी बाई पायरीवर बसल्या. मंदा डोकं बघून घ्यायला आली नाही. बाईंनी दोनदा हाक मारली, मग उठून गेल्या, तिला हाताला धरून आणलं आणि आपल्यासमोर बसवलं. केसांत हात घातला. मग मंदा बोलली. मी दारात होते, मला ऐकू आलं. तिच्या अब्रूची गोष्ट आहे, ती मी इथं लिहिणार नाही. बाईंचा हात तिच्या केसांत तसाच राहिला होता.

वसंतराव संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आला. बाईंनी त्याला उंबऱ्याच्या बाहेरच थांबवलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "परतूरच्या हद्दीत दिसला तर तुमचे तुकडे करीन." जनाबाई मागं उलथनं घेऊन उभी होती. त्यानं तोंड उघडलं नाही, यावरून मला कळायचं ते कळलं.

बाईंना पोलिसात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मंदाचा बाप आला आणि पाय धरून म्हणाला, "नको बाई, पोरीचं नाव हुईल." तो तिला त्याच दिवशी घेऊन गेला. तिची पेटी मी भरून दिली. अध्यक्ष म्हणाले, वसतिगृहाचं नाव जाईल, पालक मुली काढून नेतील, मिटवून टाका. मिटलं. बाहेर सांगायचं ते असं ठरलं की मास्तर प्रकृतीच्या कारणानं गेले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पिशवी आणि छत्री घेतली. मला म्हणाल्या, "चल." आम्ही भोकरदनच्या गाडीत बसलो. जी चौकशी पाच महिन्यांपूर्वी करायची ती करायला आम्ही निघालो होतो, हे मला कळत होतं. का जायचं ते मात्र कळत नव्हतं.

त्या शाळेत पाणी भरणारी बाई रांजणापाशी बसली होती. सुगंधाबाई तिच्याजवळ बसल्या. वसंतरावांचं नाव काढलं आणि तोच प्रश्न विचारला, "तुमची पोरगी धाडली असती का?"

त्या बाईनं इकडंतिकडं पाहिलं सुद्धा नाही. "माझीच न्हेली असती तर कोयत्यानं तोडला असता. दोन पोरी शाळा सोडून गेल्त्या त्येच्यापायी. हेडमास्तरानं राजीनामा लिहून घेतला आन चांगल्या वर्तनाचा दाखला देऊन धाडला."

"तुम्ही कुनाला सांगितलं न्हाई?"

"कुनी इचारायला आलंच न्हाई, बाई. आलं आसतं तर सांगितलं आसतं."

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. जालना आल्यावर एकदम म्हणाल्या, "ती वाट बघत होती ग." एवढंच. मला तेव्हा त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, पण धीर झाला नाही.

काही दिवसांनी कळलं की वसंतरावाला दुसऱ्या तालुक्यात मुलांच्या एका वसतिगृहात जागा मिळते आहे. त्याच सुमारास गुरुजी आले. पंचाहत्तरीचे, हातात काठी, एसटीनं एकटेच. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाय धुतले, स्वतः खाली बसल्या. गुरुजींना सगळं माहीत होतं. मला वाटतं, ते पत्र लिहितानाही माहीत होतं. काही चांगलं घडू दे, असं माणूस उगीच लिहीत नाही.

"सुगंधे, तू तिकडं जाऊन काही बोलू नकोस," गुरुजी म्हणाले. "त्याची दोन लेकरं आहेत. मी समजावलंय त्याला. मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही."

"न्हाई मागितलं गुरुजी."

"मी तुला आत घेतलं होतं."

"म्हनूनच मी त्याला आत घेतलं," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण आवाज सरळ होता. "माझी मंदा गेली त्यात. आता मी जानार. तुम्ही मला मारा, पन मी जानार."

गुरुजी काठी टेकत उठले. बाई एसटी स्टँडपर्यंत त्यांच्या मागून दहा पावलं अंतर ठेवून चालत गेल्या. गुरुजींनी मागं वळून पाहिलं नाही. पुढं वर्षभरात ते गेले. बाईंना कुणी कळवलं नाही.

बाई त्या वसतिगृहात जाऊन आल्या. तिथल्या प्रमुखासमोर उभं राहून सगळं सांगितलं, मंदाचं नाव सोडून. वसंतरावाला ती जागा मिळाली नाही. त्यानंतर त्याला कुठं मिळाली, ते मला माहीत नाही. बाईंनाही माहीत नव्हतं, आणि ती गोष्ट त्यांना रात्रंदिवस खात होती. आल्यावर त्यांनी समितीला राजीनामा दिला. अध्यक्षांनी कारण प्रकृतीचं घालायला सांगितलं. बाईंनी लिहिलं, 'माझ्या हातून एका माणसाची चौकशी करायची राहिली.' तो कागद समितीनं फायलीला लावला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मंदाच्या लग्नात. चैत्र संपत आला होता, बाई अजून परतूर सोडून गेल्या नव्हत्या. आम्हाला बोलावणं नव्हतं. जनाबाईच्या गावावरून बातमी कळली, तेव्हा बाई म्हणाल्या, जाऊन बघू, अजून वर्ष-दोन वर्षं थांबवता येतं का. आम्ही पोचलो तोवर नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या पारापाशी आली होती. मांडवात मंदा पिवळ्या साडीत बसली होती. हळदीनं हात माखले होते. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. नंतर एकदाही वर केली नाही.

मंदाचा बाप धावत आला. त्याच्या मनात आमच्याबद्दल काही नव्हतं. उलट आम्ही आलो म्हणून त्याला भरून आलं होतं. त्यानं बाईंच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि गुडघ्यावर बसून, दिलासा द्यायचा म्हणून सांगू लागला.

"बाई, तुमी बिलकुल काळजी करू नका. ह्या टायमाला आमी बराबर चौकशी केली. तीन गावं हिंडलो. न्हाव्याला इचारलं, पानी भरनारीला इचारलं, शेजाऱ्यापाजाऱ्याला इचारलं. मानूस चांगला हाय."

मांडवात वाजंत्री वाजत होती. बाईंनी तांब्या उचलला, पण पाणी प्यायल्या नाहीत.

"लई चांगलं केलं," त्या म्हणाल्या.

अक्षता पडेपर्यंत त्या बायकांच्या मागं उभ्या होत्या. मग कुणाला न सांगता निघाल्या. मला जेवायला बसवल्यामुळं मी अडकले होते. धावत बाहेर आले तेव्हा त्या नांगरलेल्या रानातून, वाट सोडून, फाट्याकडं चालल्या होत्या. ऊन डोक्यावर होतं आणि छत्री काखेतच होती. मी दोन-तीनदा हाक मारली. त्यांना ऐकू गेली असणार, कारण त्या थांबल्या. पण वळल्या नाहीत, आणि थोड्या वेळानं परत चालू लागल्या.